स्वप्न सांगू नका, नाचून बघा

स्वप्नं सांगणाऱ्या माणसांचा मला कंटाळा येतो, आणि त्यांत मी स्वतःही आले. "ते घर आपलंच होतं, पण आपलं नव्हतं," इथवर गोष्ट आली की ऐकणाऱ्याची नजर घड्याळाकडे वळते. आमच्याकडे ह्यांची वळते. मुलगी तर सरळ म्हणते, "आई, मी तुझ्या स्वप्नात नसले तर सांगू नकोस." बरोबरच आहे तिचं. स्वप्नाची गोष्ट शब्दांत आली की तिचा चोथा होतो. रात्री जिने आपल्याला घाम फोडला तीच सकाळी बोलताना पोरकट वाटते.

पण गोष्ट विरून गेली तरी एक गोष्ट अंगात बराच वेळ राहते: स्वप्नातल्या हालचालीची लय. आपण घाईत होतो की रेंगाळत होतो, अंग जड होतं की हलकं, पुढे जात होतो की मागे ओढले जात होतो. ही लय सांगता येत नाही, नाचता मात्र येते.

मी शाळेत गणित शिकवते. नाचाची कुठलीही परीक्षा दिलेली नाही, लहानपणी तबला शिकायला जायचे तेही पुढे सुटलं. तरी सकाळी एका गाण्यापुरती मी नाचते आणि कसं नाचायचं ते रात्रीचं स्वप्न ठरवतं. कशी, ते सांगते. सामान फार लागत नाही: दोन्ही हात पसरून गोल फिरता येईल एवढी जमीन, उशाशी वही-पेन्सिल, सेकंद दाखवणारं घड्याळ आणि गाणं वाजवणारं काहीही. पेन चालेल, पण पडल्या पडल्या वर धरून लिहिलं की शाई उतरत नाही, म्हणून पेन्सिल.

डोळे उघडायच्या आधी

स्वप्न पकडायचं तर ते कधी पडतं हे माहीत हवं. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसरिन्स्की आणि नेथॅनियल क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसांची बुबुळं मिटल्या पापण्यांआड भराभर हलतात असे टप्पे नोंदवले. त्या टप्प्यात कुणाला उठवलं तर तो बहुतेक वेळा ताजं स्वप्न सांगायचा. हीच रेम झोप. झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं, रात्रीत अशी चार-पाच होतात, आणि रेमचा टप्पा पहाटेकडे लांबत जातो. म्हणजे झोपेचा शेवटचा दीड तास हा स्वप्नांच्या सुगीचा. उशिरा झोपून गजराने लवकर उठणारा माणूस झोप थोडीच कमी करतो, पण त्यातली स्वप्नं मात्र बरीच कापतो.

त्यामुळे पहिली कृती आदल्या रात्रीची: अर्धा तास आधी अंथरुणावर. "मला स्वप्नंच पडत नाहीत" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं उत्तर इथेच असतं. पडतात, फक्त लक्षात राहत नाहीत. आठवण पक्की करायला मदत करणारं नॉरॲड्रिनॅलिन नावाचं रसायन रेम झोपेत मेंदूत जवळजवळ बंद असतं, त्यामुळे जागं होताना सावध नसलं की सगळं हातातून निसटतं.

जाग आली की हलू नका. फोनकडे हात नेऊ नका, किती वाजले बघू नका, आज कुठला वार आहे हेही आठवू नका. वार आठवला की कामं आठवतात, कामं आठवली की स्वप्न संपलं. कूस बदलून झालीच असेल तर परत त्याच कुशीवर या. माझा धागा बऱ्याचदा तिथे पडलेला सापडतो.

आता स्वतःला तीन प्रश्न विचारा. वेग काय होता? वजन कुठे होतं? तोंड कुठे होतं?

वेग म्हणजे संथ, चालीचा की घाईचा. वजन म्हणजे अंग जड की हलकं, आणि जडपणा असेल तर तो पायांत, खांद्यांत, मानेत की पोटात. तोंड म्हणजे दिशा: पुढे, मागे, वर, खाली, गोल किंवा जागच्या जागी. तिन्ही उत्तरं मिळून पाच-सहा शब्दांच्या वर लिहायचं नाही. माझ्या वहीतली एक नोंद: "संथ. पोटऱ्या जड. पुढे." स्वप्न असं होतं की शाळेच्या लांबच लांब व्हरांड्यात घोट्याच्या वर पाणी आहे आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा डोक्यावर धरून मी चालले आहे. कुणाच्या उत्तरपत्रिका, पाणी कुठून आलं, गठ्ठा भिजला का, यातलं काहीही वहीत नाही. दुसरी नोंद: "घाई. हलकं. मागे." तेव्हा मी न संपणारा जिना उलटी, मागे मागे, हसत उतरत होते. तिसरी: "जागच्या जागी. मान." फळ्यासमोर उभी आहे, हातात खडू आहे, पण तो फळ्यावर उमटत नाही.

या स्वप्नांचा अर्थ मला विचारू नका. अर्थ लावायला बसलं की माणूस स्वतःवर खूश तरी होतो नाहीतर घाबरतो, आणि दोन्हींत उठून उभं राहायचं राहून जातं. अर्थ लावणाऱ्यांनी जरूर लावावा, तो वेगळा छंद आहे.

काहीच आठवलं नाही तर? मग जाग येताना अंग जसं होतं तसं लिहा. "काही नाही. खांदे आखडलेले." एवढ्यावरही काम होतं. फक्त वही कोरी ठेवायची नाही. रोज लिहायची सवय लागली की आठवण आपोआप वाढते.

आणि स्वप्नात गाणं ऐकू आलं तर ते सगळ्यात आधी गुणगुणा, लिहिणं नंतर. इथे सावधगिरीची सूचना म्हणून ज्युझेप्पे तार्तिनी या इटालियन व्हायोलिनवादकाचा किस्सा सांगण्यासारखा आहे. त्याने जेरोम लालांद या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला सांगितलेली हकीकत अशी की १७१३ साली एका रात्री स्वप्नात सैतान त्याच्या सेवेला आला, त्याने सैतानाच्या हाती व्हायोलिन दिलं आणि सैतानाने असं काही वाजवलं की तार्तिनीचा श्वास अडकला. जागा होताच त्याने वाद्य उचललं. त्यातून जे जमलं ते त्याच्या मते त्याच्या सगळ्या रचनांत उत्तम, पण स्वप्नात ऐकलेल्याच्या पासंगालाही न पुरणारं. तुमचं-माझं याहून बरं होईल असं मानायचं कारण नाही. तेव्हा सूर हुबेहूब पकडायचा हट्ट सोडा, ठेका पकडा. सूर विरतो, ठेका टिकतो, निदान माझा.

गाणं स्वप्नात कुणाला येतं, यावरही अभ्यास झाला आहे. २००६ साली इटलीतल्या संशोधकांनी व्यावसायिक संगीतकार आणि संगीत न शिकलेली माणसं यांच्या स्वप्नांच्या नोंदी ताडून पाहिल्या. संगीतकारांच्या स्वप्नांत संगीत दुपटीहून जास्त वेळा होतं. पण मला आवडलेला भाग पुढचा आहे: ते प्रमाण रोजच्या रियाजाच्या तासांशी जुळत नव्हतं, शिक्षण कोणत्या वयात सुरू झालं त्याच्याशी जुळत होतं. लहानपणी बोटांत शिरलेला तबला माझ्या झोपेत अजून का वाजतो, याचं मला त्यातल्या त्यात पटलेलं उत्तर हेच.

मांडीवरचा ठेका

उठून बसा. पाय जमिनीला टेकवा. गाणं अजून लावायचं नाही, ही या पद्धतीतली सगळ्यात महत्त्वाची अट आहे. आधी गाणं लावलं की आपण गाण्याचे होतो आणि स्वप्नाचा वेग पुसला जातो.

वहीतले शब्द वाचा आणि त्या वेगाने मांडीवर थाप द्या. पंधरा सेकंद थापा मोजा, चारने गुणा. हा झाला तुमचा आजचा मिनिटाचा वेग. अंदाजासाठी सांगते: माणसाला काहीही न सुचवता नुसत्या टिचक्या मारायला सांगितलं तर बहुतेकांचा वेग मिनिटाला शंभराच्या आसपास पडतो. पॉल फ्रेस या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने दोन टिचक्यांमधलं हे अंतर सुमारे ६०० मिलिसेकंद सांगितलं होतं. रोजच्या चालण्यात पावलं त्याहून थोडी जलद, मिनिटाला १२० च्या जवळपास पडतात. त्यामुळे माझ्या वहीतला "चालीचा" म्हणजे शंभर ते एकशेवीस, "घाईचा" म्हणजे एकशेचाळीसच्या वर आणि "संथ" म्हणजे सत्तरच्या खाली.

फार संथ स्वप्नांची एक अडचण असते. दोन थापांमधलं अंतर दोन सेकंदांच्या जवळ गेलं की कानाला ठेका लागत नाही, सुट्या सुट्या थापा ऐकू येतात आणि प्रत्येक थाप अंदाजाने द्यावी लागते. अशा वेळी मधे एक हलकी थाप घाला. मोठी मांडीवर, बारीक गुडघ्यावर. नाचताना पाय मोठ्या थापेवर टाकायचा, बारीक थाप मनात.

नंतर मात्रा ठरवायच्या. तबला न शिकलेल्यांनी घाबरू नये, तीन ठेके पुरतात. पुढे जाणाऱ्या स्वप्नाला मी केहरवा देते: "धा गे ना ती, न क धी न", आठ मात्रा, चार-चारच्या दोन तुकड्यांत. सरळ, चालता येण्याजोगा. गोल फिरणाऱ्या किंवा हेलकावणाऱ्या स्वप्नाला दादरा: "धा धी ना, धा ती ना", सहा मात्रा. आणि जी स्वप्नं अडखळतात, ज्यांत पाऊल टाकावं तिथे जमीन नसते, त्यांना रूपक: "ती ती ना, धी ना, धी ना". सात मात्रा, तीन-दोन-दोन. रूपकाची गंमत अशी की एरवी जिथे टाळी पडते त्या पहिल्याच मात्रेवर, समेवर, खाली असते, म्हणजे जोर द्यायच्या जागी हात रिकामा. जिन्याची पायरी चुकावी तसं होतं. खडू न उमटण्याच्या स्वप्नाला मी रूपक दिला होता, आणि तो इतका चपखल बसला की मीच चपापले.

बोल मोठ्याने म्हणा. पुटपुटून उपयोग नाही. जीभ ठेक्यात आली की पाय फार मागे राहत नाहीत.

ठेका धरणं आपल्याला जमणार नाही असं वाटत असेल तर हे ऐका. २००९ साली इस्तवान विंक्लर, हेंकयान होनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला आणि डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडमधून मेंदूचे विद्युत्संकेत टिपले. ठेक्यातली जोराची थाप वगळली की बाळांचा मेंदू दचकल्याचे संकेत दाखवायचा. म्हणजे बाळ झोपेतही पुढच्या थापेची वाट बघत असतं. "मला तालच नाही" हे वाक्य एखाद्याच्या बाबतीत खरं असेलही, पण म्हणणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत ते लाजण्याचं दुसरं नाव आहे. माझ्या वर्गात "मला गणितच येत नाही" म्हणणारे असतात, तेच हे.

आता गाणं शोधा. शब्द बघून निवडू नका, थापेशी जुळतं का एवढंच बघा. गाणं लावायचं, त्यावर मांडीवरची थाप ठेवायची. गाणं थापेला ओढायला लागलं तर ते आजचं नाही, पुढचं लावा. माझ्याकडे संथ, चालीची आणि घाईची अशा तीन याद्या करून ठेवल्या आहेत, कारण सकाळी शोधत बसायला वेळ नसतो आणि शोधता शोधता फोन दुसरंच काहीतरी दाखवतो.

एका गाण्याचा नाच

अनवाणी उभे राहा. आरसा असेल तर त्याच्याकडे पाठ करा. आरशासमोर माणूस नाचत नाही, नाचणारा दिसायचा प्रयत्न करतो.

पायांत कमरेच्या रुंदीएवढं अंतर, गुडघे किंचित सैल. ताठ गुडघ्यांनी कुणालाच नाचता येत नाही, आणि नवख्या माणसाचे नेमके तेच ताठ असतात. पहिली दोन आवर्तनं (ठेक्याच्या सगळ्या मात्रा एकदा झाल्या की एक आवर्तन) फक्त वजन इकडून तिकडे न्यायचं: उजवा तळपाय, डावा तळपाय. पाय उचलायचा नाही. उजव्या पायावर सगळं वजन गेल्यावर डावी टाच मोकळी होते का बघा. झाली तर वजन खरंच गेलं. न गेलेल्या वजनावर पाऊल टाकलं की तोल जातो आणि माणूस म्हणतो मला नाचता येत नाही.

तिसऱ्या आवर्तनापासून वहीतली दिशा घ्या. "पुढे" असेल तर समेवर एक पाऊल पुढे, उरलेल्या मात्रा जागेवर, पुढच्या समेला आणखी एक. भिंत आली की वळा. "मागे" असेल तर मागे, पण आधी मागचं स्टूल हलवा. "जागच्या जागी" हा प्रकार सोपा वाटतो, तो सगळ्यात अवघड आहे, कारण तिथे लपायला पाऊल नसतं. त्यात टाचांनी जमीन दाबायची, आलटून पालटून, आणि बाकीचं अंग काय मागतं ते बघायचं.

मग वजन. पोटऱ्या जड असतील तर पाऊल उचलण्याऐवजी ओढा, तळवा जमिनीला घासू द्या. खांदे जड असतील तर ते ठेक्यावर खाली सोडा, वर आणायची घाई नको. हलकं असेल तर टाच टेकवूच नका. पाण्यातल्या व्हरांड्याचं स्वप्न मी असं नाचले: संथ केहरवा, पाय ओढत, दोन्ही हात डोक्यावर अदृश्य गठ्ठा धरून. अर्ध्या गाण्यानंतर हात दुखायला लागले, तेव्हा गठ्ठा खाली ठेवला. स्वप्नात ते सुचलं नव्हतं.

हात सगळ्यात शेवटी. पडद्यावरचा नाच बघून आपण हातांपासून सुरुवात करतो, आणि हात हे शरीरातले सगळ्यात मोठे थापाडे. पायांत काहीही नसलं तरी ते काहीतरी असल्याचं दाखवतात. पाय आणि धड स्थिर झाल्यावर त्यांना सोडा, मग ते त्यांचं बघतात.

एकच गाणं. दुसरं लावावंसं वाटलं तरी नाही. तीन-चार मिनिटांत स्वप्नाची लय अंगात बसते. पुढे जो असतो तो व्यायाम, तो चांगलाच, पण स्वप्नाशी त्याचा संबंध सुटलेला असतो.

गाण्याची निवड करताना माझ्या लक्षात आलेली गोष्ट नंतर वाचनातही सापडली. अगदी सरळ ठेक्यावर अंग हलतं पण कंटाळतं, फार गुंतागुंतीच्या ठेक्यावर अंग गोंधळून थांबतं. २०१४ साली मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी लोकांना ड्रमचे वेगवेगळे तुकडे ऐकवून विचारलं की कशावर नाचावंसं वाटतं. जोर अपेक्षित जागेवरून मध्यम प्रमाणात हटलेले तुकडे पुढे आले, सगळ्यात सोपे आणि सगळ्यात कठीण मागे पडले. तेव्हा यादी करताना थोडी वाकडी चाल असलेली गाणी घ्या.

बसूनही हे सगळं होतं. सासूबाईंचे गुडघे आता उभ्याने साथ देत नाहीत, त्या खुर्चीत टाच-चवडा, टाच-चवडा करतात आणि धड माझ्यापेक्षा छान हलवतात. स्वप्नं मात्र त्या सविस्तर सांगतात, त्यांना कोण अडवणार! २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पंचाहत्तरीपुढच्या ४६९ लोकांचा एक अभ्यास आला होता. त्यात पाहिलेल्या शारीरिक छंदांपैकी एकट्या नाचाचा संबंध स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी दिसला. यावरून नाचल्याने स्मृतिभ्रंश टळतो असं म्हणता येत नाही. ज्यांचा मेंदू शाबूत तेच जास्त नाचत असतील, हेही शक्य आहे. पण सासूबाईंना मी अर्धाच अभ्यास सांगितला आहे.

कुणी दारात येऊन बघत उभं राहिलं तर थांबू नका, त्याला काम द्या. "समेवर टाळी दे," म्हणावं. ताल धरायला माणूसच असावं असंही नाही. २००९ साली स्नोबॉल नावाच्या एका काकाकुव्यावर शोधनिबंध निघाला, गाण्याचा वेग बदलला की तोही आपल्या डुलण्याचा वेग बदलायचा. आमच्या ह्यांची टाळी त्या मानाने कच्ची आहे, पण येतात बिचारे.

उरलेला दिवस

दिवसभर नाचायचं नाही. ठेका फक्त खिशात ठेवायचा. लिफ्टची वाट बघताना वजन बदला, रांगेत पायाच्या अंगठ्याने मात्रा मोजा, भांडी घासताना खांदे सकाळच्या वेगाने सोडा. परीक्षेच्या पर्यवेक्षणाला मी बाकांच्या रांगांमधून सात मात्रांत चालते. मुलांना वाटतं बाई फार बारीक लक्ष ठेवून आहेत.

एकच त्रास होतो, सकाळचं गाणं डोक्यात अडकतं. दुपारपर्यंत मजा, नंतर छळ. यावर च्युइंगम चावा. थट्टा नाही, इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली हे तपासलं: गम चावणाऱ्यांना अडकलेलं गाणं कमी वेळा ऐकू आलं. मनात गाताना आपण बोलण्याचीच यंत्रणा वापरतो, आणि चावण्याने जबडा कामाला लागला की तिच्यात अडथळा येतो. वर्गात गम चालत नाही, म्हणून मी मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणते. त्याची शास्त्रीय चाचणी झालेली नाही.

हेडफोन लावणाऱ्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे, आणि आवाज वाढला की हे तास झपाट्याने घटतात. रस्ता ओलांडताना हेडफोन काढा. ठेका डोक्यात असतोच.

घाबरवणारी स्वप्नं

यांच्यासाठी पद्धत बदलते. पाठलागाचं, पडण्याचं, गेलेल्या माणसाचं स्वप्न त्याच वेगाने नाचायचं नाही. छाती आधीच धडधडत असते, तिला आणखी पळवून काय मिळणार? आधी उठा, पाणी प्या, दिवा लावा. सकाळ झाल्यावर, भीती थोडी लांब गेल्यावर, त्याच स्वप्नाचा वेग निम्मा करा आणि शेवट बदला. मागे लागलेला कुणी असेल तर चालता चालता वळा आणि त्याच्याकडे तोंड करा. पडत असाल तर गुडघे हळूहळू वाकवत जमिनीवर बसा, म्हणजे पडणं तुमच्या हातात येतं.

शेवट बदलण्याची कल्पना माझी नाही. मानसोपचारात इमेजरी रिहर्सल थेरपी नावाची पद्धत वापरतात, तिच्यात रुग्ण जागेपणी दुःस्वप्न बदलून लिहितो आणि बदललेलं स्वप्न मनात रोज घोकतो. मी फक्त ते पायांनी घोकते. पण तेच भयंकर स्वप्न पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा खरोखर घडलेल्या एखाद्या प्रसंगाचं असेल, तर एकट्याने नाचत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रेम झोपेत आपले हातपाय जवळजवळ लुळे असतात, म्हणूनच स्वप्नात पळताना आपण पलंगावरून उठत नाही. एखादा माणूस झोपेतच लाथा झाडतो, बुक्के मारतो, ओरडतो आणि उठवल्यावर तसंच स्वप्न सांगतो, तर ती वेगळी व्याधी असू शकते. अमेरिकेत कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी तिचं वर्णन १९८६ साली केलं. उतारवयात ती पार्किन्सनसारख्या आजाराची आगाऊ सूचनाही असू शकते. घरात असं कुणी असेल तर हसण्यावारी न नेता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

झोपण्यापूर्वी

रात्री दोनच कामं. पहिलं, गाणी वेळेत बंद करणं. मला वाटायचं की रात्री शब्दांशिवायचं संगीत बरं. २०२१ साली मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात उलटं निघालं: लोकप्रिय गाण्यांची नुसती वाद्यांवरची रूपं झोपण्यापूर्वी ऐकली तर गाणं डोक्यात जास्त अडकलं आणि झोप जास्त बिघडली. मला याचं नवल वाटत नाही. चाल ओळखीची आणि शब्द गायब असले की मन रात्रभर शब्द भरत बसतं. झोपताना काही लावायचंच तर अजिबात ओळखीचं नसलेलं लावा, आणि झोपायच्या बरंच आधी थांबवा.

दुसरं काम, न जमणारं एक पाऊल. मला दादऱ्यातली गिरकी बरोबर समेवर थांबवता येत नव्हती. अशी एखादी अडलेली जागा दिवे मालवण्यापूर्वी संथ वेगात काही वेळा करा, दमेपर्यंत नको, आणि सोडून द्या. २००२ साली मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी लोकांना बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायला शिकवलं. मधे रात्रीची झोप झाली की पुन्हा सराव न करताही वेग साधारण २० टक्के वाढला. तेवढाच वेळ जागं राहण्यात गेला तर तसा वाढला नाही. तो प्रयोग बोटांचा होता, गिरकीचा नाही, आणि त्या सुधारणेचं नातं रेमपेक्षा पहाटेच्या दुसऱ्या एका हलक्या झोपेशी दिसलं. तरीही रात्री पेरून सकाळी बघायला काय हरकत आहे?

सकाळी क्रम चुकवू नका. आधी न हलता स्वप्न, मग वही, मग मांडीवरची थाप, मग कालचं पाऊल एकदाच, गाण्याशिवाय. जमलं तर ते आजच्या नाचात घाला. दोन-तीन सकाळी होऊनही जमलं नाही तर पाऊल अर्धं करा: पूर्ण गिरकीऐवजी अर्धी घ्या, भिंतीकडे तोंड करून थांबा आणि उरलेली अर्धी पुढच्या आवर्तनात. माझी अजून तशीच चालू आहे.